दीक्षेनंतरची पस्तीस वर्षे : संत जोसेफ वाझ यांच्या धर्मगुरुपदाची वाटचाल

धर्मग्रामात गुरुदीक्षेचा सोहळा असला की गावाला लग्नघराची कळा येते. मांडव पडतो, बँड वाजतो, महागुरुस्वामी नव्या धर्मगुरूच्या तळहातांना पवित्र तेलाचा अभिषेक करतात आणि पहिल्या बाकावर बसलेल्या आईवडिलांच्या डोळ्यांना धारा लागतात. दुसऱ्या दिवशी पहिली मिस्सा होते, नव्या फादरांचा आशीर्वाद घेण्यासाठी रांग लागते. हे सारे योग्यच आहे. परंतु मांडव उतरल्यावर एक प्रश्न मागे उरतो आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. अभिषेकाने हा तरुण सदासर्वकाळासाठी धर्मगुरू झाला हे खरे. पण धर्मगुरू म्हणून तो पिकणार केव्हा, कोठे आणि कोणाच्या संगतीत?

आंबा झाडावरून उतरवला म्हणजे तो लगेच खाण्याजोगा होत नाही. त्याला आढीत ठेवावे लागते. पेंढ्याची ऊब लागते, दिवस जाऊ द्यावे लागतात. धर्मगुरुपदाचेही काहीसे तसेच आहे. ही आढी म्हणजे नेमके काय, याचे उत्तर ग्रंथांपेक्षा माणसांच्या आयुष्यात अधिक स्पष्ट वाचता येते. आमच्या शेजारच्या गोव्यात जन्मलेल्या आणि श्रीलंकेत देह ठेवलेल्या संत जोसेफ वाझ यांचे आयुष्य या दृष्टीने आपण पुन्हा एकदा वाचावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी, असा ठराव ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली केला. तोवर अनेक ठिकाणी एखाद्या वडीलधाऱ्या धर्मगुरूच्या हाताखाली थोडे लॅटिन आणि थोडा विधी शिकून तरुण वेदीपाशी उभे राहात. सेमिनरीने त्यांना शिस्त दिली, ईशज्ञान दिले, प्रार्थनेचे वळण दिले. हे उपकार मोठे आहेत. तथापि शिक्षण पुरे होणे आणि माणूस पुरा होणे या दोन गोष्टींत जे अंतर असते, ते कोणत्याही संस्थेला एकटीने भरून काढता येत नाही.

गोव्यात या अंतराला आणखी एक कडवट बाजू होती. सतराव्या शतकात गोमंतकीय तरुण धर्मगुरू होत असत, पण युरोपीय व्रतस्थ संघांची दारे त्यांना बंद होती. मोठ्या धर्मग्रामांची सूत्रे परकीय संघांच्या हाती असत आणि एतद्देशीय धर्मगुरूंच्या वाट्याला बहुधा मदतनीसाचे काम येई. हे लोक अजून धर्माच्या मोठ्या जबाबदारीस परिपक्व झालेले नाहीत, असा समज त्यामागे होता. दिवाडी बेटावरील मातेउश दे कास्त्रो या तरुणाला गोव्यात दीक्षा मिळेना, म्हणून तो थेट रोमला गेला, तेथे धर्मगुरू झाला आणि १६३७ साली त्याला बिशपपदाचा अभिषेक झाला. लॅटिन विधीतील तो पहिला भारतीय बिशप. परंतु त्याचे पुढील आयुष्य पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी झगडण्यात गेले आणि १६७७ साली तो रोममध्येच निवर्तला. त्याची तक्रार खोटी नव्हती. मात्र ‘तुम्ही अपरिपक्व आहात’ या आरोपाला केवळ वादाने उत्तर मिळत नाही, हेही त्या आयुष्याने दाखवून दिले. ते उत्तर कोणी तरी जगून द्यावे लागणार होते.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ सांकवाळचे, आई मारिया दे मिरांदा. दोन्ही गावे साष्टी प्रांतातील. ही साष्टी आपल्या ठाणे-मुंबईकडची नव्हे, गोव्याची. याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या आयुष्याची पुष्कळ वर्षे वेचली आणि त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली तेथील राशोल येथे छापले गेले. म्हणजे या मुलाने डोळे उघडले ते अशा भूमीत, जेथे ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली गेली होती. पोर्तुगीज सांकवाळला आणि लॅटिन बाणावलीला शिकून जोसेफ गोव्यातील जेज्वीटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात दाखल झाले. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान त्यांनी डोमिनिकन संघाच्या सेंट थॉमस विद्यालयात घेतले. १६७६ साली महागुरुस्वामी आंतोनियो ब्रांदाव यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते.

आजच्या भाषेत बोलायचे तर हा एक हुशार, सुशिक्षित, सुस्वभावी नवधर्मगुरू होता. दीक्षेनंतर त्यांनी पायांतील वहाणा सोडल्या आणि गरिबांप्रमाणे अनवाणी चालू लागले. सांकवाळला मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. प्रवचनकार आणि पापनिवेदन ऐकणारा गुरू म्हणून त्यांची ख्याती झाली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक पत्र लिहून स्वतःला पवित्र मरियामातेचा कायमचा दास म्हणून अर्पण केले. या पत्राकडे नीट पाहिले पाहिजे. दीक्षा घेऊन फार काळ उलटलेला नाही. या वयात मान मिळू लागतो, हाताखाली माणसे येतात. नेमक्या त्याच वेळी हा तरुण स्वतःच्या सहीने लिहून देतो, की मी कोणाचा धनी नाही, मी दास आहे. तथापि उत्कट समर्पण आणि परिपक्वता एकच नव्हेत. लिहून दिलेल्या त्या शब्दाची किंमत चुकती करायला त्यांना पुढील सगळे आयुष्य लागले.

पहिली कसोटी लागली कानडा प्रांतात. लंकेला जाण्याची इच्छा त्यांनी वरिष्ठांपुढे व्यक्त केली होती; पण १६८१ साली त्यांना पाठविण्यात आले मंगळूर आणि भोवतालच्या कानडा मिशनवर. तेथे दोन अधिकार एकमेकांसमोर उभे होते. एकीकडे पोर्तुगालच्या राजाला मिळालेला ‘पाद्रोआदो’चा हक्क, दुसरीकडे रोमच्या ‘प्रोपागांदा फिदे’ने नेमलेले बिशप थॉमस दे कास्त्रो, म्हणजे वर उल्लेखिलेल्या मातेउश यांचे पुतणे. कोणाच्या हातून घेतलेले संस्कार ग्राह्य, या प्रश्नाने भाविक गोंधळून गेले होते. वाझ गोव्याचे प्रतिनिधी म्हणून गेले, पण भांडण वाढविण्यासाठी गेले नाहीत. त्यांनी बिशपांना आदराने वागविले, समेटाची वाट शोधली आणि वाद वरच्या पातळीवर चालू असता खाली गावोगाव फिरून मंदिरे, शाळा व प्रार्थना पुन्हा उभ्या केल्या. तरुण धर्मगुरूला आपला पक्ष बरोबर ठरावा अशी ओढ असते. आपल्या पक्षापेक्षा आपल्यासमोरचा गांजलेला माणूस मोठा आहे, हे कळणे ही पिकण्याची पहिली खूण होय.

१६८४ साली ते गोव्यास परतले. त्याच सुमारास जुन्या गोव्यातील टेकडीवरच्या ‘चमत्कारी पवित्र क्रूसा’च्या मंदिरात काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. व्रतस्थ संघांत प्रवेश नव्हता, तेव्हा आपणच बंधुभावाने एकत्र राहून प्रार्थना व सेवा करावी, हा त्यांचा विचार. सप्टेंबर १६८५ मध्ये वाझ त्यांना जाऊन मिळाले आणि लवकरच त्यांची प्रमुखपदी निवड झाली. रोमचे संत फिलिप नेरी यांच्या ओरेटोरीचा आदर्श या गटाने स्वीकारला आणि भारतभूमीत एतद्देशीय धर्मगुरूंचा पहिला संघ आकाराला आला. इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर हेही नमूद केले पाहिजे, की या संघात प्रवेश ब्राह्मण कुळांतील धर्मगुरूंपुरताच होता. ज्यांना बाहेर उभे केले गेले होते, त्यांनीही कोणाला तरी बाहेर उभे केले. एखादी चांगली संस्थासुद्धा आपल्या काळाच्या मर्यादेपलीकडे हळूहळूच वाढते.

संघप्रमुख होऊन गोव्यात सन्मानाने राहता आले असते. पण लंकेची हाक थांबली नव्हती. तेथे डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले होते. कॅथलिक उपासनेवर बंदी आली, धर्मगुरूंना हाकलण्यात आले आणि त्यांना आसरा देणाऱ्यास देहान्त शिक्षा फर्माविण्यात आली. जवळजवळ तीस वर्षे तेथील कॅथलिकांना धर्मगुरू नव्हता. १६८६ साली वाझ यांनी प्रमुखपद सोडले आणि जॉन नावाच्या सेवकासह पायी दक्षिणेचा रस्ता धरला. तुतिकोरिनहून त्यांनी मजुराच्या वेशात समुद्र ओलांडला आणि १६८७ साली जाफना गाठले.

प्रवासातच त्यांना हगवणीने गाठले. जाफन्याच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा उभे राहण्याचेही बळ नव्हते. एका बाईने आणून दिलेल्या पेजेवर ते जगले, असे परंपरा सांगते. बरे झाल्यावर त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भिक्षा मागू लागले. भिक्षा वाढताना जपमाळेकडे पाहून ज्याच्या चेहऱ्यावर काही हलले, तो आपला, अशी ती ओळख पटविण्याची रीत. अशा तऱ्हेने एकेक घर सापडत गेले. सिल्लालै गावच्या लोकांनी त्यांना लपवून ठेवले. मिस्सा रात्री होई, उजाडण्याच्या आत सामान आवरले जाई.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. गोव्यात असताना लोक वाझ यांच्याकडे येत. जाफन्यात त्यांना लोकांच्या दारात जावे लागले, तेही रिकामा हात पुढे करून. जो पापक्षमा आणि ख्रिस्तप्रसाद द्यायला आला होता, त्याला आधी मूठभर भात मागावा लागला. आणि ज्यांच्याकडे तो मागत होता, त्या आईबापांनी तीस वर्षे वेदीविना, घंटेविना, रविवारच्या मिस्सेविना आपल्या मुलांना क्रूसाची खूण शिकविली होती. वाझ यांनी ती श्रद्धा आणली नाही. ती त्यांना तेथे सापडली. त्यांचे काम ती गोळा करण्याचे आणि तिला संस्कारांचे अन्न देण्याचे होते. आपण लोकांच्या श्रद्धेचे मालक नसून पाहुणे आहोत, ही जाणीव ज्या धर्मगुरूला होते, त्याच्या पौरोहित्यातला आंबटपणा तेथे ओसरू लागतो.

या आसऱ्याची किंमत लोकांनी मोजली. १६८९ च्या नाताळात डचांनी जाफन्यात धाड घातली, शेकडो कॅथलिकांना पकडले, छळ केला. वाझ हाती लागले नाहीत. पुढे ते कँडीच्या स्वतंत्र राज्याच्या हद्दीतील पुत्तलमला गेले आणि १६९२ मध्ये राजधानी कँडीकडे निघाले. तेथे दरबाराशी संबंध असलेल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने, हा पोर्तुगिजांचा हेर आहे, असे राजा विमलधर्मसूर्य दुसरा याच्या कानावर घातले. वाझ कैदेत पडले.

एक्केचाळीस वर्षांचा, कामाच्या ऐन भरातला धर्मगुरू. बाहेर शेकडो गावे वाट पाहात आहेत आणि हा चार भिंतींत. अशा वेळी मन कडू होते किंवा खोल जाते. वाझ तुरुंगात सिंहली भाषा शिकले. तमिळचा अभ्यास त्यांनी जाफन्यातच केला होता. पहारा सैल होताच तेथेच एक झोपडीवजा प्रार्थनास्थान उभे केले आणि जे भाविक चोरून येऊ लागले त्यांची सेवा सुरू केली. जे दिवस वाया गेल्यासारखे दिसत होते, त्या दिवसांत ते राजधानीच्या लोकांच्या भाषेत प्रार्थना करायला शिकत होते. १६९६ साली अवर्षण पडले असता त्यांच्या प्रार्थनेने पाऊस आला, ही कथा त्यांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. त्यानंतर राजाने त्यांना राज्यात मोकळेपणी फिरण्याची मुभा दिली.

मुभेचा उपयोग कसा झाला, हे १६९७ च्या देवीच्या साथीत दिसले. कँडीत साथ पसरताच लोक नगर सोडून पळाले. आजाऱ्यांना रानात टाकून दिले गेले. वाझ आणि गोव्याहून मदतीस आलेले फादर जोसेफ कार्व्हाल्यो यांनी अशा रुग्णांसाठी छपरे उभारली, त्यांना अन्नपाणी दिले, जखमा धुतल्या, मेलेल्यांना मूठमाती दिली. रुग्ण बौद्ध की ख्रिस्ती, हे त्यांनी पाहिले नाही. बौद्ध राजाच्या मनात ख्रिस्ती धर्मगुरूविषयी जो आदर उत्पन्न झाला, तो या सेवेमुळे. ‘दास’ हा शब्द वीस वर्षांपूर्वी सांकवाळला कागदावर उतरला होता. आता तो हातापायांत उतरला होता.

यापुढचा टप्पा आम्हांस सर्वांत अवघड वाटतो. यश आल्यावर मागे सरणे. हळूहळू गोव्याहून ओरेटोरीचे आणखी धर्मगुरू आले. वाझ यांनी त्यांच्यात क्षेत्रे वाटून दिली. प्रत्येक वस्तीत प्रार्थना चालविणारा, मुलांना धर्मशिक्षण देणारा, आजाऱ्यांकडे जाणारा प्रापंचिक प्रमुख असे. त्यांना तिकडे मुप्पू व अण्णावी म्हणत. ती घडी त्यांनी पक्की केली, कारण धर्मगुरू वर्षाकाठी एकदोनदाच पोहोचणार हे उघड होते. १७०५ साली दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस लंकेत आले. त्यांची भाषेची देणगी वाझ यांनी ओळखली आणि त्यांना सिंहली व तमिळ ग्रंथरचनेकडे वळविले. आज श्रीलंकेत कॅथलिक सिंहली साहित्याचे जनक म्हणून गोन्साल्विस यांचेच नाव घेतले जाते. आपल्यापेक्षा अधिक तेजस्वी लेखणी असलेल्या धाकट्या सहकाऱ्याला वाट मोकळी करून देणे, हे कोणत्याही क्षेत्रात सोपे नाही. धर्मगुरूंच्या निवासातही नाही. बिशपपदाची सूचना पुढे आली असता वाझ यांनी तीही नाकारली आणि साधे मिशनरी राहणे पसंत केले.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले. वय एकोणसाठ. मरणशय्येपाशी सहकाऱ्यांनी उपदेश मागितला, तेव्हा जे आयुष्यभर करावयाचे टाळले ते मरणाच्या घटकेला सहज साधत नाही, अशा अर्थाचे काही ते बोलले, असे चरित्रकार नोंदवितात. त्यांच्यानंतर काय झाले, हे त्यांच्या परिपक्वतेचे खरे मोजमाप आहे. मंडळी विस्कटली नाही. ओरेटोरीचे धर्मगुरू गोव्याहून येत राहिले, गावप्रमुख प्रार्थना चालवीत राहिले आणि १७९६ साली लंकेतून डचांची सत्ता गेली तेव्हा कॅथलिक समाज आपल्या जागी उभा होता. ज्या गोव्याच्या धर्मगुरूंना मदतनीसाच्या कामापुरते समजले गेले, त्यांनी युरोपीय संघांच्या आधाराविना एका अख्ख्या देशाची ख्रिस्तसभा जगविली. आरोपाला उत्तर मिळाले होते. त्यासाठी एकही पत्रक काढावे लागले नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे वाझ यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच नगरीत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. ज्या कँडीत हा भारतीय धर्मगुरू कैदी होता, तेथेच पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली भारतीय धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी पेपल सेमिनरी स्थापन केली. भारताच्या तारणाची सेवा भारताच्याच सुपुत्रांनी करावी, हा तिचा हेतू. १९५५ साली ही सेमिनरी पुण्यास आली. तेथून शिकून गेलेले धर्मगुरू आज देशभर सेवा करीत आहेत.

ख्रिस्तसभेनेही हा धडा हळूहळू शब्दबद्ध केला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मगुरूंचे प्रशिक्षण आणि त्यांचे सेवाजीवन यांवर दोन स्वतंत्र दस्तऐवज दिले. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रशिक्षणाची मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि प्रेषितीय अशी चार अंगे सांगितली आणि हे प्रशिक्षण दीक्षेने संपत नाही, ते आमरण चालते, हे स्पष्ट केले. वाझ यांना हा शब्द ठाऊक नव्हता. पण दीक्षेनंतरची त्यांची पस्तीस वर्षे म्हणजे दुसरे काय होते?

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या धर्मग्रामांत धर्मगुरूविषयी दोन टोकाच्या अपेक्षा दिसतात. काहींना तो स्वर्गातून उतरलेला देवदूत हवा असतो. त्याच्यात माणसाचा थकवा दिसला की त्यांचा हिरमोड होतो. काहींना तो दाखले देणारा, वेळेवर मिस्सा आटोपणारा कारभारी पुरतो. या दोन्ही अपेक्षांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की सेमिनरीने तयार माल पाठवावा आणि आपण तो वापरावा. वाझ यांचे चरित्र सांगते, की धर्मगुरूला पिकविणारी आढी लोकांच्या घरात असते. पेज आणून देणारी बाई, जपमाळ पाहून दार उघडणारा गृहस्थ, धाडीत पकडले गेलेले जाफन्याचे भाविक, गावची प्रार्थना चालविणारा मुप्पू, कैदेतही साथ न सोडणारा सेवक जॉन, हे सारे त्यांच्या पौरोहित्याचे शिक्षक होते.

म्हणून नव्या फादरांच्या हाती आहेर ठेवताना कुटुंबांनी त्यांना आणखी काही द्यावे, अशी आमची विनंती आहे. त्यांना आपल्या आजाऱ्यांपाशी बसवावे. त्यांचे प्रवचन समजले नाही तर पाठीमागे कुजबुजण्याऐवजी सौम्यपणे तसे त्यांनाच सांगावे. घरात रात्रीची जपमाळ अशी चालू ठेवावी, की त्यांच्या गैरहजेरीतही श्रद्धा विझू नये. एखाद्या मुलाला दैवी पाचारण जाणवले तर त्याला केवळ मानाच्या जागेसाठी नव्हे, मागे सरण्यासाठीही तयार करावे. आणि आम्हा धर्मगुरूंनी आपल्या दीक्षादिनाच्या वाढदिवशी हार स्वीकारताना मनाशी एक हिशोब मांडावा : आमची बदली झाली, आम्ही आजारी पडलो वा आमचे डोळे मिटले, तर या धर्मग्रामातील प्रार्थना दुसऱ्या दिवशी कोण सांगेल? त्या प्रश्नाला गावातली चार नावे चटकन आठवली, तर परमेश्वराने आमच्याकडून काही काम करून घेतले, असे समजावयास हरकत नाही.